अजींनी न ऐकलेली गाडी

१

नवमीच्या सकाळी सबइन्स्पेक्टर पवित्रा घर्ती रक्त लागलेली गाडी शोधायला लुखाटोलात शिरली आणि पहिल्याच वळणावर तिने कपाळाला हात लावला. त्या टोलात, म्हणजे मोहल्ल्यात, दिसेल त्या गाडीला रक्त लागलेलं होतं.

दसऱ्याची नवमी. आज अवजारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा. कोणी बोकड कापला होता, कोणी कोंबडा, कोणी बदकावर भागवलं होतं, पण धार मात्र सगळ्यांनी चाकांवर आणि बंपरवर सोडली होती. वर शेंदूर, त्यावर झेंडूच्या जाडजूड माळा. मोटरसायकली, पिकअप, पिठाच्या गिरणीचा हातगाडा, काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

"मॅडम, ह्यात काय शोधायचं?" हवालदार गोपीलाल चौधरी म्हणाला. "आपल्या ठाण्याच्या गाडीलाही सकाळीच कोंबडा दिलाय. आपल्यापासूनच सुरुवात करू या का?"

"तू जरा गप्प बस," पवित्रा म्हणाली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आदल्या दिवशी दिवेलागणीला, टेकडीवरच्या ढोक्याकडून, म्हणजे जुन्या वेशीकडून, खाली येणाऱ्या उतारावर, टोलात सगळे अजी, म्हणजे आजी, म्हणत त्या ज्ञानथकु महर्जन या म्हातारीला कुठल्याशा गाडीने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, डोकं फुटलं. टोल पूजेच्या तयारीत घराघरांत गुंतलेला, त्यामुळे पाहिलं कोणीच नव्हतं. शुद्धीवर आल्यावर अजी एवढंच म्हणाल्या, "काही आवाजच आला नाही."

या चार शब्दांवर टोलाने निकाल लावून टाकला. आवाज नाही म्हणजे विजेची गाडी. आणि विजेची गाडी म्हणजे सुनकेशरी तामांगची प्रवासी व्हॅन, कारण रक्ताने माखलेल्या अजींना उचलून इस्पितळात पोचवलं होतं ते तिनेच. हिने मारलं नसतं तर ही कशाला उचलायला गेली असती, असा टोलाचा हिशेब. लोकांनी दगडांनी व्हॅनचं तोंड फोडलं, सुनकेशरीला केस धरून खाली ओढलं, आणि पोलिसांनी तिला सोडवलं ते थेट कोठडीत घातलं.

कोठडीच्या गजांआडून ती पवित्राला म्हणाली होती, "मी चढ चढत होते. रस्त्यात काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं. उतरून बघते तर अजी. पुढचं काही सुचलं नाही, उचललं आणि निघाले."

"समोरून कोणती गाडी आली?"

"एक-दोन मोटरसायकली, एखादी टॅक्सी. सणाच्या दिवशी काय, येतच असतात. पण तुमच्या साहेबांना विजेचीच गाडी हवी आहे, आणि तशी एकही आली नाही." मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "मी पळून गेले असते ना मॅडम, तर आज घरी असते."

ते वाक्य पवित्राच्या डोक्यातून जाईना. इन्स्पेक्टरसाहेबांनी बजावलं होतं, "उद्या टीका. मी आईच्या हातची टीका, तो दही-तांदळाचा टिळा, कपाळाला लावून घ्यायला गावी जाणार. त्याआधी त्या बाईवर गुन्हा चढवून मोकळं व्हायचं." एकदा गुन्हा चढला की सणाच्या सुट्ट्यांत सुनकेशरीला विचारणारं कोणी नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हेच, असं पवित्राला मनोमन वाटत होतं. पण तिच्या हातात होता तो फक्त एक पिवळ्या प्लास्टिकचा तुकडा, नखाएवढा, उतारावरच्या गटारात सापडलेला. कुठल्यातरी गाडीच्या दिव्याचा. आणि आज प्रत्येक गाडीचे दिवे झेंडूखाली गाडले गेले होते.

२

अजींचं घर विहिरीजवळच्या गल्लीत. मुलगा रत्नकाजी जिन्यातच भेटला. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, पायात पांढरे कापडी बूट. बाप फाल्गुनात गेला होता आणि वर्ष सरायचं होतं. डोळे लाल झालेले, हातात इस्पितळात न्यायचा डबा.

"बसा मॅडम." त्याच्या बायकोने, लसताने, चहा पुढे केला. "नुसता चहाच आहे हं. यंदा आमच्याकडे दसरा नाही. खालच्या घरातून मटणाचा वास येतोय, तो तेवढा गोड मानून घ्या."

पवित्रा हसली. "अजी त्या वेळी कुठे निघाल्या होत्या?"

"ढोक्याच्या देवळात दिवा लावायला," रत्नकाजी म्हणाला. "रोज जाते. तिथून उतरत होती."

"आणि आवाज आला नाही?"

"मांचे कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. त्यात ती विजेची गाडी. मांजरासारखी येते." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "पण मॅडम, केस वाढवू नका. मां वाचली, आम्हाला तेवढं पुरे. त्या तामांग बाईचंही पोट आहे."

"तिला सोडा म्हणता?"

"सोडा असं नाही हो. कायद्याने होईल ते होईल. फक्त मांला यातलं काही सांगू नका. कोण पकडलं, कोणाला मारलं, काहीच नको. तिचा जीव घाबरेल."

बाकीचा टोल व्हॅन पेटवायला निघाला होता आणि सख्खा मुलगा दुसऱ्याच्या पोटाचा विचार करत होता. पवित्राला भरून आलं. अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय, असंच तिच्या मनात आलं.

तो तिच्याबरोबरच चौकापर्यंत आला. गाड्यांच्या रांगेत त्याची जुनी टॅक्सी उभी होती, इतर गाड्यांसारखीच शेंदूर फासलेली, रक्ताचे ओघळ वाळलेली. त्याने डबा सीटवर ठेवला, पुढे येऊन बंपरवरची माळ हाताने सारखी केली आणि इंजिन सुरू केलं. फटफटाट करत टॅक्सी गल्लीबाहेर पडली.

"मॅडम," मागून गोपीलाल धापा टाकत आला. "टोलात विजेच्या आणखी दोन गाड्या आहेत. मास्तरांच्या स्कूटरची बॅटरी उन्हाळ्यापासून मेलेली आहे, पोरं तिच्यावर कपडे वाळत घालतात. पण दुसरी इंजिनियर राजभंडारींची मोटार आहे, आणि तिच्या पुढच्या पत्र्याला हा एवढा मोठा पोचा आहे."

३

अनुप राजभंडारी मांसमच्छी खात नव्हते. त्यांच्या मोटारीपुढे कोहळा फोडला होता आणि मोटार आरशासारखी लख्ख होती. पोचा मात्र झाकण्याजोगा नव्हता.

"फाटकाला घासली," राजभंडारी म्हणाले.

"फाटक लोखंडी, सपाट. हा तर खोलगट, गोल खड्डा आहे."

"आता काय, फाटकाची साक्ष घेणार का तुम्ही?"

पवित्रा मोटारीत डोकावली. "ही गाडी सावकाश चालवली की आवाज करते ना? पायी चालणाऱ्याला कळावं म्हणून कारखान्यातच बसवतात तो."

राजभंडारींनी चष्मा पुसला. "काढून टाकला. सारखी भुणभुण. गल्लीतली कुत्री भुंकायची."

"माणसाला कळावं म्हणून असतो तो."

"माणसांनी बघून चालावं."

पवित्राच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मुका केलेला आवाज, पुढे पोचा, आणि धुऊन काढलेली गाडी. सापडला, असं वाटून तिचा हात खिशातल्या पिवळ्या तुकड्याकडे गेला. तिने मोटारीचे दिवे एकेक करून तपासले. सगळे पांढरे, आणि सगळे शाबूत.

"काल संध्याकाळी कुठे होता तुम्ही?"

"घरात! कुठे जाणार? ह्या गुठीवाल्यांनी माझ्या फाटकात दुपारपासून रेडा बांधून ठेवला होता, देवीला द्यायचा म्हणून. हलेना की डुलेना. सगळ्या टोलाने पाहिलंय."

फाटकाबाहेर गुठीचे म्हातारे उन्हात बसले होते. गुठी म्हणजे टोलाची पंचमंडळी, देवाधर्माचं सगळं त्यांच्या हातात. त्यातला एक जण तोंडाचं बोळकं उघडून हसायला लागला.

"अगं नानी, पोरी, इंजिनियरसाहेबांनी काल दुपारी रेड्याला गाडीने ढकलून बघितलं! रेड्याने एकच शिंग घातलं. साहेब जे गाडी सोडून घरात पळाले, ते आज सकाळी रेडा गेल्यावर बाहेर आले."

राजभंडारींचा चेहरा कोहळ्यासारखा पांढरा पडला. पोच्याची लाज वाटत होती ती यासाठी होय! एरवी पवित्राही पोट धरून हसली असती. आज तिला हसू येईना. रेडा फाटकात होता म्हणजे मोटार आत होती. ती हातची गेली.

"तो आवाज उद्याच्या उद्या परत बसवून घ्या," ती जाता जाता म्हणाली. "नाहीतर मी रेडा घेऊन येईन."

ती ठाण्याच्या आवारात पोचली आणि पाठीमागे कुणीतरी गुणगुणायला लागलं. बारीक, एका सुरात, शेजारच्या खोलीत भजन चालावं तसं. ती दचकून मागे वळली.

४

फुटक्या तोंडाची व्हॅन तिच्या अंगावर येत होती.

"बाजूला व्हा मॅडम!" आतून शिपाई ओरडला. "साहेब म्हणाले, उन्हातून सावलीत लाव."

व्हॅन पुढे सरकली तशी गुणगुण पुढे सरकली. व्हॅन थांबली, गुणगुण थांबली.

पवित्रा तशीच कोठडीपाशी गेली. "सुनकेशरी, तुझी व्हॅन आवाज करते?"

"हळू चालली की करते. चढावर तर करतेच, तिथे हिला वेग कुठला घेता येतोय. बायका चेष्टा करतात, सुनकेशरीची गाडी जप करते म्हणून. अजी रोज बसतात की माझ्या गाडीत. चढावर माझी वाट बघतात ती आवाजावरूनच. लांबूनच काठी वर करतात."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. लोक माझे केस ओढत होते, त्यांना काय ऐकू येणार?"

पवित्रा अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. टोलात विजेच्या तीनच गाड्या. मास्तरांची स्कूटर मेलेली. राजभंडारींची मोटार रेड्यामागे अडकलेली. आणि सुनकेशरीची व्हॅन मुकी नव्हतीच, उलट अजींना तिचा आवाज पक्का ओळखीचा. म्हणजे बिनआवाजाची गाडी उतारावर आलीच नव्हती. साप साप म्हणून सगळे भुई धोपटत होते.

"मग मारलं कोणी?" गोपीलालने विचारलं.

"आवाज करणाऱ्या गाडीने."

"आणि अजींना आवाज आला नाही?"

पवित्रा थबकली. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर अजी बहिऱ्या होत्या, नाहीतर अजी खोटं बोलत होत्या.

५

इस्पितळाच्या खोलीत अजी डोळे मिटून पडल्या होत्या. पाय वजनाला टांगलेला, डोक्याला पट्ट्या, नवरा गेल्यापासून नेसत असलेलं पांढरं लुगडं अजून तसंच अंगावर. रत्नकाजी उशाशी बसून भाताचे घास भरवत होता.

"मां, पोलीस मॅडम आल्यात," तो कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला.

"ओरडतोस काय," अजी पुटपुटल्या.

पवित्रा काही विचारायला गेली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. दाराबाहेर दोन नर्स दबक्या आवाजात बोलत होत्या. तिला स्वतःला जेमतेम ऐकू येत होतं.

"रजा नाही म्हणाली मेट्रन," एक म्हणत होती. "उद्या टीका, आणि माझी आई वाट बघत बसणार."

"जाऊ दे गं पोरीला," पलंगावरून अजी म्हणाल्या, डोळे न उघडता. "आई वाट बघते म्हणजे काय ते मेट्रनला काय कळणार."

रत्नकाजीच्या हातातला घास ताटात पडला.

पवित्राने त्याच्याकडे पाहिलं नाही. अजींचे कान शाबूत होते. आवाज आला होता, ओळखूही आला होता, आणि तो गिळून अजी डोळे मिटून पडल्या होत्या. मोडलेली मांडी आणि फुटलेलं डोकं घेऊन माणूस कोणासाठी खोटं बोलतो?

"अजी," ती म्हणाली, "काल काहीच आवाज आला नाही?"

"नाही."

"मोटरसायकलचा, टॅक्सीचा?"

"एकदा सांगितलं ना, नानी. नाही आला."

"मांला थकवा आलाय," रत्नकाजी उभा राहत म्हणाला. "आता पुरे."

६

दशमीची सकाळ उजाडली. साहेबांची बॅग भरून तयार होती. टेबलावर पवित्राच्या सहीची वाट बघत सुनकेशरीवरच्या गुन्ह्याचा कागद पडला होता.

पवित्राला कोणावर संशय होता, ते तिने गोपीलालला सांगितलं नव्हतं. संशयावर कोणी सुटत नसतं. शिवाय आईला उडवून वर तिला घास भरवणारा मुलगा तिच्या मनाला पटत नव्हता. पटू नये असंच तिला वाटत होतं.

साहेबांचा ड्रायव्हर टीकेचं ताट घेऊन आला. दही, तांदूळ, लाल रंग. सगळ्यांच्या कपाळाला लावत तो गोपीलालपुढे आला तसा गोपीलाल मागे सरला.

"मला नको रे. आई गेली ना चैत्रात. वर्दीमुळे पांढरं घालता येत नाही, बाकी सगळं पाळतोय. टीका राहू दे, काल ठाण्याच्या गाडीला कोंबडा दिलात तेव्हाही मी लांब उभा होतो. वर्षभर हात नाही लावायचा."

पवित्रा खुर्चीवरून उठली ती ताटाला धक्का लागण्याइतक्या घाईने.

यंदा आमच्याकडे दसरा नाही, असं लसता म्हणाली होती. ज्या घरात दसरा नाही, त्या घरच्या टॅक्सीला शेंदूर कसा? रक्त कसं? काल तिने पांढरी टोपी पाहिली होती, सजलेली टॅक्सी पाहिली होती, माळ सारखी करणारा हातही पाहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रांगेत सगळ्याच गाड्या रंगलेल्या, तेव्हा त्यातली एक रंगलेली दिसली याचं तिला काही वाटलंच नाही. त्यालाही तेच हवं होतं. रात्रीत गाडी धुतली असेल, फुटलेला दिवा उरला असेल. कोरडी, उघडी गाडी रांगेत डोळ्यांत भरली असती, म्हणून त्याने सगळ्यांनी केलं तेच केलं. सगळ्यांसारखं दिसायच्या नादात यंदा आपण सगळ्यांसारखे नाही, हे तो विसरला.

टॅक्सी इस्पितळाच्या आवारातच उभी होती. पवित्राने झेंडूची सुकलेली माळ उचलली. खाली वळायचा पिवळा दिवा फुटलेला होता. खिशातला तुकडा तिने त्यावर धरला. कडा कडेला मिळाली.

गोपीलाल टोपी काढून उभा राहिला. "वर्षाचं सुतक," तो हळूच म्हणाला. "आणि आईच्या रक्तावर कोंबड्याचं रक्त."

ते आत गेले. रत्नकाजी पलंगाशी बसला होता. पवित्राच्या हातातली माळ त्याने पाहिली आणि तो जागचा हलला नाही.

पवित्राने माळ खाली ठेवली. ती अजींच्या शेजारी बसली. "अजी, तुम्हाला उतारावरून उचललं कोणी, आठवतं?"

अजींनी डोळे उघडले. "आठवायला काय झालं? सुनकेशरी. मला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी हाकता हाकता सारखी मागे वळून हाका मारत होती. वाटभर रडत होती गं. माझी रोजची सखीच ती. भेटायला कशी नाही आली अजून?"

"ती कोठडीत आहे."

"कशाला?"

"तुम्हाला उडवलं म्हणून. तुम्ही म्हणालात आवाज आला नाही, आणि लोक म्हणाले, म्हणजे विजेची गाडी. तिला मारलं, तिची व्हॅन फोडली. आज माझी सही झाली की ती तुरुंगात जाईल."

अजी मुलाकडे बघत राहिल्या. "तू म्हणालास, कोणाला काही झालं नाही."

रत्नकाजीने उशाशी ठेवलेलं पाणी पुढे केलं.

"मला वाटलं," अजी पवित्राला म्हणाल्या, "आवाज आला नाही म्हटलं की कोणाचंच नाव येणार नाही. न आलेल्या आवाजाचाही कोणी मालक शोधून काढतं, हे मला काय ठाऊक?" त्यांना धाप लागली. "आला होता आवाज. काजीच्या टॅक्सीचा. त्याचा बाप ती चालवायचा तेव्हापासून मी त्या फटफटाटावर चूल पेटवते. मला लागलं, गाडी थांबली. दार उघडलं. मग दार लागलं, आणि गाडी गेली."

"मां, मी प्यायलो होतो," रत्नकाजी म्हणाला. "वर्षात दारूला शिवायचं नाही, आणि मित्रांनी आग्रह केला. तोंडाला वास येत होता. तू दिसलीस आणि माझे पायच... खालून सुनकेशरीदिदीच्या व्हॅनचे दिवे येताना दिसले. वाटलं, ती उचलेल. ती नक्की उचलेल."

"आणि तिने उचललं तर तू तिला आत जाऊ दिलंस," पवित्रा म्हणाली. तिला त्याची कीव येत होती आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं.

"आधी तिला सोडा," अजी म्हणाल्या. "माझ्यासमोर फोन करा. मग ह्याला न्या."

पवित्राने ठाण्याला फोन लावला. साहेब पलीकडून ओरडले, मग त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी कोठडी उघडायला सांगितल्याचं तिला फोनमधूनच ऐकू आलं.

गोपीलालने रत्नकाजीच्या दंडाला हात लावला. तो उठला, दारापर्यंत गेला.

"काजी," अजींनी हाक मारली.

तो वळला.

"तू दार उघडलंस तेव्हा मी अशीच हाक मारली होती. दोन दिवस मी मनाला सांगतेय, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेली नसेल." त्या उशीवरून मान उचलायला धडपडत होत्या. "ऐकलीस का रे?"

"ऐकली, मां," तो म्हणाला.